नऊ तुकड्यांची वही

वही आठवीच्या भूगोलाची आहे. पहिल्या अकरा पानांवर माझ्या पुतणीच्या वळणदार अक्षरात नदीची खननकार्ये आहेत, पेन्सिलीनं काढलेली एक घळईही आहे. बाराव्या पानापासून अक्षर बदलतं. ‘१२ जून. वाफसा आला. टोमॅटो लावला. बाया ६.’ हे वहिनींचं अक्षर.

सासवडपासून थोड्या आतल्या गावात माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, भाजीपाल्याची शेती करतो. सव्वादोन एकर, म्हणजे नव्वद गुंठे. त्याचे त्यानं दहा-दहा गुंठ्यांचे नऊ तुकडे पाडलेत आणि प्रत्येकाला नाव आहे: विहिरीचा, चिंचेचा, ओढ्याचा, रस्त्याचा, देवाचा वगैरे. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. दादाची हेक्टरभरसुद्धा भरत नाही. तेव्हा हे कुणा आदर्श शेतकऱ्याचं शिवार नाही, पुरस्काराची फ्रेमही घरात नाही. पुणे शहराला रोज लागणारी भाजी ज्या असंख्य तुकड्यांतून येते, त्यांतले हे नऊ.

२०२५ च्या नवरात्रात तिसऱ्या माळेला मी गेलो, कारण वहिनींनी फोनवर सांगितलं होतं, “भाऊजी, या वर्षी बसून हिशेब करायचाय. तुमचे दादा टाळतायत. तुम्ही आलात म्हणजे बसतील.”

दादा टाळत होता हे खरं. बाहेर भुरभुर चालू होती, शेतात जाता येत नव्हतं, तरी तो गोठ्यात काहीतरी शोधत राहिला. शेवटी चहा आला तेव्हा ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, “हिशेब मांडला तर शेती कोण करंल रं?”

आपल्याकडे व्यापारी लक्ष्मीपूजनाला वही पुजतो, पाडव्याला तिच्यात नवं पान उघडतो. शेतकऱ्याच्या घरात पुजायला बैल आहे, नांगर आहे, घटातलं धान्य आहे. वही नाही. जी असते ती आडत्याकडे, आणि तिच्यातून शेतकऱ्याला मिळते ती पट्टी: गाळ्यावर माल विकला गेल्यावर हातात पडणारा कागदाचा चिटोरा. दादाच्या घरी वर्षानुवर्षं या पट्ट्या खुंटीवरच्या तारेत टोचलेल्या असायच्या. उत्पन्नाचा कागद तारेत, खर्चाचा कागद कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या वहीत आणि दोन्हींची गाठ कधी पडायची नाही. त्या वर्षी वहिनींनी ती पाडली.

आधी हंगाम कसा गेला ते सांगायला हवं. कारण २०२५ चा पावसाळा पावसाळ्यासारखा आलाच नाही, तो उन्हाळ्यातच घुसला. मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबई-पुण्यात पोचला, नेहमीपेक्षा पंधरवडाभर आधी. त्याच्याही आधी वळिवानं मे महिना धुऊन काढला होता आणि बारामती-दौंडकडे मेमध्येच पूर आले. सासवडचा पुरंदर तालुका पर्जन्यछायेतला. इथं मृगाची वाट बघायची सवय. रोहिणीच्याही आधी शेतात पाणी साचलेलं बघायची नाही. शहरात लोकांनी गारव्याचे फोटो टाकले. दादाच्या शेतात मात्र त्या गारव्यानं दोन गोष्टी बिघडवल्या. एक म्हणजे नांगरट तापली नाही. उन्हाळ्यात जमीन उलथून ठेवायची ती मे महिन्याच्या उन्हानं ढेकळं भाजून निघावीत, किडींचे कोष आणि बुरशी मरावी म्हणून. त्या वर्षी ती भाजलीच नाहीत, भिजली. दुसरं म्हणजे वाफसा आला नाही. ज्यांनी मातीत हात घातलेला नाही त्यांच्यासाठी: वाफसा म्हणजे मातीत ओल आहे पण चिखल नाही, मूठ वळली तर वळते आणि सोडली तर फुटते, अशी स्थिती. पेरणीचा मुहूर्त पंचांगात नसतो, या मुठीत असतो.

रोपवाटिकेत सांगून ठेवलेली टोमॅटोची रोपं मेअखेरीला तयार झाली. जमीन चिखलात होती. रोपं ट्रेमध्येच लांबली, खालची पानं पिवळी पडली. ती बारा जूनला लागली. वहीतलं पहिलं वाक्य ते हे.

ओढ्याच्या तुकड्यातल्या या दहा गुंठे टोमॅटोवर दुपारचा बराच वेळ गेला. दादा आकडे तोंडानं सांगत होता, वहिनी पानावरून, आणि दोघांचे जुळत नव्हते. दादाच्या आठवणीत अडीचशेच्या वर क्रेट गेले होते. वहीत दोनशे दहा होते, वीस किलोचे. दादाला क्रेटला साडेचारशेचा भाव आठवत होता, आणि तो मिळालाही होता, दोनदा. सगळ्या पट्ट्यांची सरासरी दोनशे नव्वद निघाली. म्हणजे साठ हजार नऊशे रुपये आले. मग खर्च: रोपं साडेतीन हजार, मल्चिंग पेपर चार हजार, बांबू-तार-सुतळी सहा हजार, खतं सात हजार, फवारण्या अकरा हजार (करप्यानं पाठ सोडली नाही, दर पाच-सहा दिवसांनी पंप पाठीवर), बायांची मजुरी सोळा हजार, क्रेटचं भाडं आणि टेम्पो सहा हजार तीनशे. एकूण त्रेपन्न हजार आठशे. उरले सात हजार शंभर.

“उरले ना?” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेसारखं काहीतरी होतं.

वहिनींनी पान उलटलं. मागच्या बाजूला नुसत्या उभ्या रेघा होत्या, पाच-पाचचे गठ्ठे. त्या म्हणाल्या, “ह्या आपल्या हजऱ्या. तुमच्या आणि माझ्या. बांधणी, तोडे, फवारणी, रात्रीची निवड. अर्ध्या दिवसाला अर्धी रेघ. शेहेचाळीस भरतात.” बाईला द्यायची ती चारशे रुपये रोजी धरली तर अठरा हजार चारशे. सात हजार शंभरातून ते वजा केले की अकरा हजार तीनशेचा खड्डा.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “घरची मजुरी कोण धरतं का?”

मला इथं थोडं थांबावंसं वाटतं, कारण घरची मजुरी धरतात. सरकारच धरतं. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग हमीभाव सुचवताना उत्पादनखर्चाच्या ज्या पायऱ्या मांडतो, त्यांतल्या एकीचं नावच ‘ए-टू अधिक एफएल’ असं आहे. ए-टू म्हणजे खिशातून गेलेला खर्च, एफएल म्हणजे घरच्या माणसांचे श्रम. त्याच्या वरची सी-टू ही पायरी स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही धरते, आणि स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीवरचा सगळा वाद या दोन पायऱ्यांतल्या अंतराचाच आहे. पण हा सगळा गणिती थाट ज्या बावीस पिकांसाठी आहे, त्यांत एकही भाजी नाही. टोमॅटोला हमीभाव नाही, म्हणून त्याचा एफएल दिल्लीत कुणी मोजत नाही. सासवडजवळच्या एका ओटीवर एक बाई भूगोलाच्या वहीत रेघा मारून तो मोजते आहे, आणि माझ्या मते तिची पद्धत आयोगापेक्षा वाईट नाही. तिच्या मोजणीत रात्रीची निवड आहे.

टोमॅटो सोडवत का नाही, याचं उत्तर दादाकडे एका शब्दात आहे: “तेवीस.” जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटनं दोन हजारांचा पल्ला ओलांडला होता. ज्याच्या शेतात त्या महिन्यात लाल फळ होतं त्याचं कर्ज फिटलं, कुणाच्या दारात गाडी आली. तो जुलै इथल्या प्रत्येकाच्या डोक्यात आहे. त्याच वर्षीचा सप्टेंबर मात्र कुणाच्या डोक्यात नाही, जेव्हा तोच टोमॅटो किलोला चार-पाच रुपयांवर आला आणि लोकांनी तो रस्त्याच्या कडेला ओतला. २०२० च्या उन्हाळ्यात विषाणूनं फळांवर रंगाचे पट्टे पाडले, शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ नाव ठेवलं आणि बागाच्या बागा उपटल्या, तेही मागं पडलं. लॉटरीत हरलेल्या तिकिटांचा हिशेब कोण ठेवतो? वहिनींची वही ही हरलेल्या तिकिटांची वही आहे, आणि दादाचा तिच्यावर राग असण्याचं कारण हेच असावं.

बाकीच्या तुकड्यांवर एवढा वेळ गेला नाही. दोन तुकडे वाटाण्याचे होते. पुरंदरचा वाटाणा प्रसिद्ध आहे, आणि त्याची अडचणही प्रसिद्धीइतकीच जुनी: सगळ्या तालुक्याचा वाटाणा एकाच पंधरवड्यात तोडणीला येतो, एकाच वेळी सगळ्यांना बाया हव्या असतात आणि एकाच वेळी भाव उतरतो. त्या वर्षी पेरणी लांबली तशी ती सगळ्यांचीच लांबली. खर्च निघाला, घरच्या रोजी निघाल्या, फार काही उरलं नाही. भेंडीवर हळद्या आला. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की झाड उपटून पुरायचं एवढंच हाती राहतं, कारण पांढरी माशी तो रोग पुढच्या झाडावर नेऊन ठेवते. भेंडीचं बियाणं रोगाला दाद देत नाही असं सांगून विकलेलं होतं. दादाकडे बिल नव्हतं, पाकीट चुलीत गेलं होतं. बियाण्याची तक्रार करायची तर तालुक्याच्या समितीपुढे बिल, पाकीट, त्यावरचं लेबल आणि शक्य असेल तर चिमूटभर शिल्लक बियाणं लागतं. आता वहीच्या शेवटच्या पानाला एक पाकीट चिकटवलंय आणि त्यात सगळी रिकामी पाकिटं जातात.

गवारीला भाव चांगला होता, पण गवार तोडायला बसलं की बोटं सोलतात आणि दिवसाकाठी टोपलीचा तळ झाकतो. दोडका-कारल्याचा मांडव वहिनींनी तोट्यात दाखवला होता. तिथं दादा पहिल्यांदा जिंकला. “मांडवाचे बांबू तीन वर्षं टिकणार. सगळा पैसा ह्याच वर्षावर कसा टाकतेस?” वहिनींनी मान्य केलं, बांबू-तारेच्या खर्चाचे तीन भाग पाडले आणि दोडका नफ्यात आला. कॉलेजात ज्याला घसारा म्हणतात तो दादाला कुणी शिकवलेला नव्हता.

एका तुकड्यात दोन गाईंसाठी हत्ती गवत आहे. तो वहीत नाहीच. दादा म्हणतो गवत म्हणजे दूध, दूध म्हणजे डेअरी, तो हिशेब वेगळा. मी विचारलं, मग शेणखत कुठल्या हिशेबात? दोघंही हसले. उत्तर मिळालं नाही.

खरी गंमत पालेभाजीच्या तुकड्यात निघाली. त्यातल्या तीन गुंठ्यांवर मेथी चार वेळा टाकली गेली. पहिली जूनअखेरीला निघाली. तेव्हा पावसानं सगळीकडे पालेभाजी कुजली होती, हिची मात्र जागा उंचावर. अकराशे जुड्या निघाल्या, नऊ रुपयांनी गेल्या, खर्च जाऊन पाच हजार चारशे उरले. ते ऐकून मी लगेच म्हणालो, मग सगळीकडे मेथीच का लावत नाही? शहरातल्या माणसाचा हा प्रश्न ठरलेला. दुसरी मेथी कुजली, बाराशे गेले. तिसरी आली तेव्हा सगळ्यांचीच आली, तोडणीही सुटेना, नऊशे गेले. चौथीनं एकवीसशे दिले. चारही मिळून पुन्हा पाच हजार चारशेच.

“म्हणजे टोमॅटोपेक्षा कमीच की,” दादा म्हणाला.

वहिनींनी मग जे केलं ते मला कुठल्या कृषी मासिकात वाचल्याचं आठवत नाही. त्यांनी पैशाला गुंठ्यांनी भागलं आणि मग दिवसांनी भागलं. टोमॅटोनं दहा गुंठे एकशेचार दिवस अडवून ठेवले: गुंठ्याला दिवसाकाठी सात रुपयेसुद्धा नाहीत. मेथीनं तीन गुंठे महिनाभर, असे चार वेळा: गुंठ्याला दिवसाकाठी पंधरा रुपये. दोन पेरण्या वाया जाऊन. दोन्हीकडे घरची मजुरी न धरता. “जमीन भाड्यानं दिल्यासारखी बघायची,” त्या म्हणाल्या. “कोण भाडेकरू किती दिवस राहिला नि काय देऊन गेला.”

विक्रीचंही असंच एक पान आहे. वहिनी रविवारी पुण्यातल्या एका सोसायटीच्या दारात भाजी विकतात. भाव गुलटेकडीच्या बाजारातल्या गाळ्यापेक्षा बराच बरा मिळतो, पण पहाटे तीनला उठावं लागतं आणि उरलेली भाजी परत आणून गाईला घालावी लागते. त्यांच्या नोंदीत गिऱ्हाइकांनी काय मागितलं आणि ते नव्हतं, याची यादी आहे: शेपू, अंबाडी, चाकवत, ओली हळद. आणि एक तक्रारही आहे, दर रविवारी तीच: ‘कोथिंबीर फुकट मागतात.’ चाळीस दिवस रान अडवणारं, पाणी पिणारं, जुडी बांधायला माणूस मागणारं पीक शहराच्या लेखी भाजीवरचा मसाला आहे. हे लिहिताना माझ्याच घरची पिशवी माझ्या डोळ्यांसमोर आली.

संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा आम्ही शेतावर गेलो. ओढ्याच्या तुकड्यात टोमॅटोची वाळलेली झाडं अजून तारेला बांधलेली होती. दादानं एक उपटून मुळं धुतली आणि माझ्यापुढे धरली. मुळांवर बारीक गाठी होत्या, जपमाळेत ओवल्यासारख्या. सूत्रकृमी. जमिनीत डोळ्यांना न दिसणारे कृमी असतात, ते मुळात शिरतात आणि झाड पाणी असूनही दुपारी माना टाकतं. “तीन वर्षांत दोनदा टोमॅटो आणि मध्ये वांगी,” दादा म्हणाला. हे त्यानं कुणी न विचारता सांगितलं. टोमॅटो, वांगी, मिरची ही एकाच कुळातली भावंडं. एकाला लागलेला रोग दुसऱ्याची वाट बघत मातीत बसतो.

मराठीत यासाठी एक शब्द आहे, बेवड. आधीच्या पिकानं जमिनीत मागं ठेवलेला चांगला-वाईट वारसा. उसाला हरभऱ्याचा बेवड चांगला, असं जुनी माणसं म्हणत. फेरपालट हा शब्द पुस्तकात आला तरी त्याच्यात नुसती अदलाबदल आहे. बेवडमध्ये आठवण आहे. पुढच्या हंगामाचं नियोजन म्हणजे खरं तर नऊ तुकड्यांचा बेवड बघणं, आणि ते चिखलात उभं राहूनच सुरू झालं. वहिनींनी वही पिशवीतून काढली.

ओढ्याच्या तुकड्यात पुढची दोन-तीन वर्षं टोमॅटो-वांगी नाही. तिथं झेंडू. झेंडूची मुळं सूत्रकृमीला मारक असतात, हे कृषी विद्यापीठंही सांगतात आणि दादाच्या वडिलांनाही माहीत होतं. वाटाण्याच्या तुकड्यांचा बेवड चांगला, शेंगवर्गी पीक मुळांच्या गाठींत नत्र ठेवून जातं. त्या गाठी वेगळ्या, हव्याहव्याशा. तिथं रब्बीत कोबी आणि कांदा. टोमॅटो अजिबात बंद करायचा यावर दादा तयार होईना. तडजोड पाच गुंठ्यांवर झाली, रस्त्याच्या तुकड्यात, जिथं चार वर्षांत या कुळातलं काही लागलेलं नाही. मेथी-कोथिंबीर-शेपू दर दहा दिवसांनी एक गुंठा, म्हणजे कुजली तरी एकच गुंठा कुजेल आणि भाव आला तर दर दहा दिवसांनी हातात काहीतरी असेल. काकडीसाठी दादाला राहुरीच्या विद्यापीठाची हिमांगी हवी आहे, पांढरट, चवीची. आडत्याला हिरवी लांब लागते. रविवारच्या गिऱ्हाइकासाठी दोन ओळी हिमांगीच्या, असं ठरलं.

भांडण झालं ते तागावरून. वहिनींचं म्हणणं, पुढच्या खरिपात एक तुकडा नुसता तागाला द्यायचा, फुलावर आला की गाडून टाकायचा. दादाचं म्हणणं, नवातला एक तुकडा रिकामा ठेवायची आपली ऐपत नाही. दोघंही बरोबर होते. मोठ्या शेतकऱ्याला जमीन विसावू देणं हे नियोजन असतं, छोट्याला तो उपास असतो. मी मध्ये पडलो नाही.

या तालुक्यात हे नियोजनसुद्धा सगळ्यांच्या नशिबी नाही. इथल्या सात गावांच्या जमिनीवर विमानतळ प्रस्तावित आहे. खानवडी त्यांतलंच एक, जोतीराव फुल्यांच्या पूर्वजांचं गाव. त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. फुल्यांच्या नावानं आज पुण्याची जी मंडई ओळखली जाते, ती १८८६ मध्ये उघडली तेव्हा तिचं नाव गव्हर्नर रे यांच्यावरून होतं. आणि नगरपालिकेत सदस्य असताना त्या इमारतीवरच्या खर्चाला विरोध करणाऱ्यांत फुले होते. भाजी विकायच्या जागेवर किती खर्च करावा आणि भाजी पिकवणाऱ्यावर किती, हा प्रश्न तेव्हाचाच आहे.

परतताना झेंडूच्या तुकड्याशी थांबलो. दसऱ्यासाठी धरलेलं फूल पावसानं जड होऊन वाकलं होतं. भिजलेलं फूल काळं पडतं आणि दसऱ्याची सकाळ उलटली की चांगल्या फुलालाही कुणी विचारत नाही. त्याचं काय झालं ते आता वहीत लिहिलेलं असेल.

घरी घटापाशी वहिनींनी दिवा सारखा केला. घटाच्या मातीत पेरलेलं धान्य तिसऱ्या दिवशी अंकुरलं होतं. गहू सगळा, ज्वारी विरळ. “ज्वारीचं बी जुनं झालंय,” त्या म्हणाल्या आणि तेही लिहून ठेवलं. घट म्हणजे बियाण्याची उगवणचाचणीच, असं जाणते सांगतात. इथं ती खरोखर तशी वापरली जात होती.

जेवणानंतर दादानं आपणहून वही मागितली. ताग या शब्दापुढे वहिनींनी प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते त्यानं खोडलं आणि ‘५ गुंठे’ लिहिलं. मग पान उलटून वहिनींनी तारीख घातली आणि खाली लिहिलं: ‘हिशेब व पुढचं नियोजन. घरची माणसं २. अर्धा दिवस.’ पुढे दोन अर्ध्या रेघा मारल्या.